दम खाण्याचें शास्त्र



मराठी भाषेंत श्वासासंबंधीं जे वाक्प्रचार रूढ आहेत, ते नुसते एकत्र केले तरी मनाचा आणि श्वासाचा संबंध आपल्या पूर्वजांनीं किती बारकाईनें न्याहाळला होता हें ध्यानांत येतें. संकट टळलें कीं आपण सुटकेचा निःश्वास टाकतों, निकाल ऐकतांना श्वास रोखून धरतों, दुःखाचा भार असह्य झाला कीं सुस्कारे सोडतों, आणि घरांतील एखादा मनुष्य त्राग्यानें भराभर बोलूं लागला तर वडीलधारें माणूस त्याला म्हणतें, "अरे, जरा दम खा." या शेवटच्या दोन शब्दांत एक संपूर्ण उपचार सांगितलेला आहे. तो खरोखर उपयोगी पडतो कीं नाहीं, पडत असल्यास कां पडतो, तो कसा करावा आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, या चार प्रश्नांचा विचार आज करावयाचा आहे.

मी वैद्य नव्हें. आयुष्यभर शाळेंत गणित व शास्त्र हे विषय शिकविलेला एक निवृत्त शिक्षक आहें. म्हणून जें सांगावयाचें तें मास्तरांच्या पद्धतीनें, म्हणजे आधीं कारण, मग उदाहरण आणि शेवटीं कृति, अशा क्रमानें सांगेन.

प्रथम ताण म्हणजे काय तें पाहूं. सकाळीं नळाचें पाणी जाण्याची वेळ, मुलांच्या शाळेची बस, लोकलची गर्दी, कचेरींतील वरिष्ठांचा निरोप, घराच्या कर्जाचा हप्ता आणि रात्रीं उशीवर डोकें टेकल्यावरहि वाजत राहणारा मोबाइल फोन, हा शहरांतील गृहस्थाचा व गृहिणीचा नित्याचा क्रम आहे. यांपैकीं एकहि गोष्ट सहसा जिवावर बेतणारी नसते. परंतु शरीराला हा भेद नीट कळत नाहीं. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत वेदना, भय व क्रोध यांच्या प्रसंगीं शरीरांत कोणते फेरफार होतात याचें विवेचन केलें. समोर वाघ उभा राहिला तर एक तर झुंजावें लागेल, नाहीं तर पळावें लागेल. आणि दोहोंसाठीं स्नायूंना अधिक रक्त पुरविलें पाहिजे. म्हणून मूत्रपिंडांच्या डोक्यावर असलेल्या ग्रंथींतून ॲड्रिनॅलिन नांवाचें द्रव्य रक्तांत उतरतें, हृदय धडधडूं लागतें, रक्ताचा दाब चढतो, पचनाचें काम मंदावतें आणि श्वास जलद होतो.

वाघासमोर ही व्यवस्था प्राण वांचविते. परंतु वरिष्ठांचें पत्र वाचतांना आपण झुंजतहि नाहीं आणि पळतहि नाहीं. खुर्चीवरच बसून राहतों. सैन्य तर सज्ज झालें, पण लढाईहि नाहीं आणि छावणींत परतण्याचा हुकूमहि नाहीं, अशी स्थिति होते. दिवसांतून दहा वेळां असें घडलें कीं संध्याकाळीं अंग मोडून येतें, मान व खांदे आंखडतात, अन्न गोड लागत नाहीं, आणि ज्याचा कांहींहि अपराध नाहीं अशा घरच्या माणसांवर आपण खेंकसतों. ताणाची खरी किंमत पुष्कळदां आपण स्वतः देत नाहीं, आपलीं मुलेंबाळें देतात, हें विसरून चालणार नाहीं.

आतां हें सैन्य परत पाठवावयाचें कसें? हृदयाला "हळू चाल" असा हुकूम करून तें ऐकत नाहीं. आंतडीं, ग्रंथि, रक्तवाहिन्या यांचीहि तीच गोष्ट. हीं सर्व कामें स्वायत्त मज्जासंस्थेच्या हातीं आहेत. तिच्या दोन प्रमुख शाखा. अनुकंपी शाखा घोड्याला टाच मारणारी, आणि परानुकंपी शाखा लगाम खेंचणारी. दोन्हीहि आपल्या इच्छेबाहेर काम करतात. परंतु श्वास हा दोन धन्यांचा चाकर आहे. आपण झोंपलों असतां मेंदूच्या देंठांतील केंद्र त्याला बिनबोभाट चालवितें. जागेपणीं मात्र आपल्या मनांत आलें तर आपण तो लांबवूं शकतों, आंखूड करूं शकतों, क्षणभर थांबवूंहि शकतों. गाणें, बोलणें, बांसरी वाजविणें हें सर्व याच स्वातंत्र्यावर चालतें. ज्या घराचे इतर सर्व दरवाजे आंतून बंद आहेत, त्याचा हा एक दरवाजा बाहेरूनहि उघडतो.

या दरवाज्यानें आंत शिरण्यापूर्वीं थोडें गणित करूं. फळ्यावर मांडतां आलें असतें तर बरें झालें असतें. पण आंकडे सोपे आहेत, मनांतच मांडावे. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य मिनिटाला सुमारें १२ ते २० श्वास घेतो आणि दर श्वासांत सुमारें ५०० मिलिलिटर हवा आंत ओढतो. या ५०० पैकीं सुमारें १५० मिलिलिटर हवा नाक, घसा व श्वासनलिका यांतच राहते. ती फुफ्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोंचतच नाहीं, आणि रक्ताशीं देवाणघेवाण तर वायुकोशांतच होते. म्हणजे प्रत्येक श्वासावर १५० मिलिलिटरांची जकात आहे म्हणाना! मिनिटाला १२ श्वास धरले तर एकंदर हवा ६,००० मिलिलिटर. पण कामाची हवा ३५० गुणिलें १२, म्हणजे ४,२०० मिलिलिटर.

आतां घाबरलेल्या मनुष्याचा उथळ श्वास घ्या. तो समजा मिनिटाला २४ श्वास घेतो आणि दर श्वास २५० मिलिलिटरांचा. एकंदर हवा तितकीच, ६,०००. पण जकात वजा जातां प्रत्येक श्वासांत उरले १०० मिलिलिटर. म्हणून कामाची हवा अवघी २,४००. मेहनत दुप्पट आणि पदरांत जवळजवळ निम्में! आणि तिसरा मनुष्य मिनिटाला ६ च श्वास घेतो, पण दर श्वास ८५० मिलिलिटरांचा. जकात वजा करून उरले ७००. गुणिलें ६, म्हणजे बरोबर ४,२००. स्वस्थ बसलेल्या पहिल्या मनुष्याइतकीच कामाची हवा, निम्म्या श्वासांत.

या उदाहरणावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. एक, श्वासांची संख्या निम्म्यावर आणली तरी शरीराला हवेची उणीव पडत नाहीं. दुसरी, दीर्घ श्वास म्हणजे छाती फुटेपर्यंत भरलेला श्वास नव्हे. नेहमींच्या श्वासाच्या पावणेदोन पटींहून तो किंचित् कमीच आहे. पुष्कळ लोक "दीर्घ श्वास घ्या" म्हटलें कीं छाती पुढें काढून, खांदे कानांपर्यंत नेऊन, पहिलवानासारखे श्वास घेतात. त्यांतून मानेला कळ लागते, शांति मिळत नाहीं.

येथें एका प्रचलित समजुतीचेंहि निराकरण केलें पाहिजे. दीर्घ श्वासानें रक्तांत पुष्कळ प्राणवायु भरतो आणि म्हणून शांत वाटतें, असें सर्रास सांगितलें जातें. वस्तुतः निरोगी मनुष्याच्या धमन्यांतील रक्ताची प्राणवायु वाहण्याची क्षमता शेंकडा ९५ ते १०० इतकी आधींच भरलेली असते. २०२० व २०२१ सालच्या कोरोनाच्या सांथींत बोटाला लावावयाचें छोटें यंत्र घरोघरीं आलें, त्यामुळें हा आंकडा पुष्कळांच्या परिचयाचा आहे. भरलेल्या घागरींत आणखी पाणी ओतून काय होणार? तेव्हां शांतीचें कारण दुसरीकडे शोधिलें पाहिजे, आणि तें आपल्या मनगटावरच सांपडतें.

डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाखालीं, उजव्या हाताचीं दोन बोटें ठेवा आणि नाडी पाहत पाहत सावकाश श्वास घ्या व सोडा. लक्षपूर्वक पाहिलें तर पुष्कळांना, विशेषतः तरुणांना, असें आढळेल कीं श्वास आंत घेतांना नाडी किंचित् जलद होते आणि सोडतांना मंद होते. कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञानें १८४७ सालीं आपल्या लेखनयंत्रावर हा चढउतार नोंदवून ठेवला. हा रोग नव्हे. तें निरोगी हृदयाचें लक्षण आहे. मेंदूपासून निघून मानेंतून छातींत व पोटांत उतरणारा व्हेगस नांवाचा मज्जातंतु हृदयाचा लगाम धरून असतो. श्वास घेतांना तो लगाम थोडा सैल सुटतो आणि सोडतांना पुन्हां खेंचला जातो.

हा लगाम काम कसें करतो तें ऑटो लोवी यांनीं १९२१ सालीं दाखविलें. एका बेडकाच्या हृदयाचा व्हेगस तंतु त्यांनीं उत्तेजित केला; तें हृदय मंदावलें. त्या हृदयांतील द्रव घेऊन त्यांनीं दुसऱ्या बेडकाच्या हृदयाला दिला. त्याला कोणीं हातहि लावला नव्हता, तरी तेंहि मंदावलें! अर्थात् तंतूच्या टोंकाशीं कांहीं द्रव्य स्रवतें आणि तेंच हृदयाला शांत करतें, हें ठरलें. या प्रयोगाची कल्पना आपणांस स्वप्नांत सुचली, असें लोवी सांगत असत. १९३६ सालीं त्यांना व हेन्री डेल यांना मिळून नोबेल पारितोषिक देण्यांत आलें.

आतां सूत्र स्पष्ट झालें. सोडण्याच्या वेळीं लगाम खेंचला जातो. म्हणून शांति हवी असेल तर श्वास सोडण्याची क्रिया लांबविली पाहिजे. घेण्यापेक्षां सोडण्याला महत्त्व आहे. "दीर्घ श्वास घ्या" यापेक्षां "श्वास सावकाश सोडा" असेंच सांगणें अधिक योग्य होईल. पतंजलींच्या योगसूत्रांत पहिल्या पादांतील ३४ व्या सूत्रांत चित्तप्रसादाचा एक उपाय म्हणून श्वासाचा उल्लेख येतो, तेथेंहि आरंभ श्वास बाहेर टाकण्यापासून केला आहे, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

मिनिटाला सहा या आंकड्याचें मर्म काय, असा प्रश्न चाणाक्ष श्रोता विचारील. रक्ताचा दाब सारखा राखण्यासाठीं शरीरांत एक यंत्रणा अखंड चालू असते, आणि तिच्या चढउताराचा एक फेरा सुमारें दहा सेकंदांचा असतो. श्वासहि दहा सेकंदांचा केला, तर हे दोन फेरे एकमेकांस मिळतात. झोका परत येतांना नेमका हात दिला म्हणजे तो जसा सहज उंच जातो तसें होतें. इटलींतील पाविया येथील बर्नार्डी व त्यांचे सहकारी यांनीं २००१ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें एक लेख प्रसिद्ध केला. ख्रिस्ती जपमाळेवरील लॅटिन प्रार्थना आणि तिबेटी बौद्धांचा मणिपद्म मंत्र, दोन्ही म्हणतांना लोकांचे श्वास आपोआप मिनिटाला सुमारें सहावर येतात आणि हृदयाच्या व रक्तदाबाच्या लयी एकमेकांशीं जुळतात, असें त्यांस आढळलें. आपल्या आज्या पहांटे जात्यावर बसून ओव्या म्हणत, त्या वेळीं श्वास झटकन् घ्यावा आणि संपूर्ण चरणभर तो सावकाश सोडावा, असाच क्रम असे. त्यांच्या कष्टांत त्या गाण्यानें थोडा विसांवा मिळत असावा, असें मला वाटतें.

महाराष्ट्रांत या विषयाचा शास्त्रीय अभ्यास नवा नाहीं. स्वामी कुवलयानंद यांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था काढली आणि त्याच वर्षीं योगमीमांसा हें नियतकालिक सुरू केलें. योगक्रियांना नुसतें श्रद्धेनें नमस्कार न करतां, क्ष-किरण व दाबमापक यंत्रें लावून त्यांची परीक्षा करावी, हा त्यांचा आग्रह होता. अलीकडचा एक प्रयोग सांगतों. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांतून २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत शंभरांहून अधिक लोकांनीं महिनाभर रोज पांच मिनिटें श्वासाचे निरनिराळे प्रकार किंवा ध्यान केलें. चिंता सर्वच गटांत कमी झाली. मात्र ज्या प्रकारांत निःश्वास लांबविलेला होता, त्या प्रकारानें मनाची प्रसन्नता सर्वांत अधिक वाढली.

आतां कृति. खुर्चीवर किंवा पाटावर पाठ ताठ पण अंग सैल ठेवून बसावें. कमरेचा पट्टा किंवा नाडी घट्ट असल्यास सैल करावी. एक हात बेंबीच्या किंचित् वर ठेवावा. तोंड मिटून नाकानें, मनांत चार सेकंद मोजीत श्वास घ्यावा. छाती व पोट यांच्यामध्यें श्वासपटल नांवाचा घुमटाच्या आकाराचा स्नायु आहे. तो खालीं उतरला कीं पोट थोडें पुढें येतें आणि हात हलकेच उचलला जातो. हात उचलला जात नसेल व खांदेच वर जात असतील, तर श्वास वरच्या मजल्यावरच अडला असें समजावें. मग सहा सेकंद मोजीत, नाकानेंच, श्वास सोडावा. चार आणि सहा मिळून दहा. म्हणजे मिनिटाला सहा श्वास. मध्यें श्वास कोंडून धरण्याचें कारण नाहीं. पांच मिनिटांत असे ३० श्वास होतात. आरंभीं दहा सेकंद जड गेले, तर तीन व चार असें मोजून सुरुवात करावी आणि आठवड्याआठवड्यानें वाढवावें. हठप्रदीपिकेंत सिंह, हत्ती व वाघ हे जसे हळूहळूच वश करावे लागतात तसाच वायुहि हळूहळू वश करावा, असें बजावलें आहे. तो इशारा आजहि तितकाच खरा आहे.

ऐन प्रसंगीं पांच मिनिटें कोठून आणावयाचीं? त्यासाठीं एक लहान युक्ति आहे. नाकानें श्वास घ्यावा, त्यावरच आणखी एक छोटा श्वास घ्यावा, आणि मग तोंडानें लांब सुस्कारा सोडावा. असें दोन-तीन वेळां करावें. लहान मूल पुष्कळ रडून थांबलें कीं आपोआप असेंच करतें, हें प्रत्येक आईनें पाहिलेलें आहे. वर्गावर असतांना मी वार्षिक परीक्षेच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेपूर्वीं मुलांना सहा सावकाश श्वास घ्यावयास लावीत असें. त्यामुळें न येणारें उदाहरण कोणाला येऊं लागलें नाहीं. परंतु येत असलेलें उदाहरण घाबरून चुकविणारीं मुलें कमी झालेलीं दिसत.

आतां सावधगिरीच्या गोष्टी. श्वास दीर्घ असावा, जलद नसावा. श्वास घेण्याची ओढ मुख्यतः रक्तांतील कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणावरून लागते, हें हॉल्डेन व प्रीस्टली यांनीं १९०५ सालीं दाखवून दिलें. भराभर खोल श्वास घेतल्यास हा वायु वाजवीपेक्षां अधिक बाहेर जातो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आंकुंचित होतात आणि घेरी येते, बोटांना मुंग्या येतात. असें झाल्यास थांबावें व नेहमींसारखा श्वास घ्यावा. पोहणाऱ्या मुलांना एक गोष्ट निक्षून सांगावी: बुडी मारण्यापूर्वीं भराभर श्वास घेऊं नये. त्यानें प्राणवायु वाढत नाहीं, केवळ श्वास घेण्याची ओढ उशिरा लागते, आणि ती लागण्यापूर्वींच पाण्याखालीं शुद्ध हरपूं शकते.

छातींत कळ येत असेल, जिना चढतांना नवीनच धाप लागूं लागली असेल, तर श्वास मोजीत बसूं नये; ताबडतोब डॉक्टर गांठावा. दम्याच्या किंवा हृदयाच्या रोग्यानें आपल्या डॉक्टरांना विचारून मगच अभ्यास सुरू करावा. रक्तदाबाच्या गोळ्या सावकाश श्वासाच्या भरंवशावर बंद करूं नयेत. श्वासानें दाब कांहींसा उतरतो, पण औषधाची जागा तो घेत नाहीं. आणि उदासीनता आठवड्यामागून आठवडे टिकली, झोंप उडाली, जगणें नकोसें वाटूं लागलें, तर त्यांत लाज मानण्यासारखें कांहीं नाहीं. मनाच्या रोगाचेहि डॉक्टर असतात, त्यांजकडे जावें.

शेवटची मर्यादा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. श्वास ताणाचें कारण दूर करीत नाहीं. घरचा जमाखर्च जुळत नसेल तर तो दीर्घ श्वासानें जुळणार नाहीं. ज्या घरांत सून पहांटे पांचपासून रात्रीं अकरापर्यंत राबते, कचेरीहि संभाळते, आणि ती वैतागली कीं बाकीचीं माणसें बसल्या जागेवरून तिला "दीर्घ श्वास घे" असा उपदेश करतात, त्या घरांत हा उपाय नसून उपहास आहे. तेथें आधीं उठून तिच्या हातांतलें काम घ्यावें. श्वासानें मिळतो तो एका मिनिटाचा अवकाश: प्रसंग आणि आपला जबाब यांच्यामधला. त्या मिनिटांत उलट उत्तर गिळतां येतें, उगारलेला हात आवरतां येतो, आणि पुढें काय करावयाचें याचा नीट विचार करतां येतो. पुढचें काम मात्र ज्याचें त्यानेंच केलें पाहिजे.

मास्तर गृहपाठ दिल्यावांचून वर्ग सोडीत नसतो. म्हणून थोडासा गृहपाठ. आज रात्रीं निजण्यापूर्वीं स्वस्थ बसून आपले सहज श्वास घरांतील दुसऱ्या कोणाला तरी एक मिनिट मोजावयास सांगा, कारण स्वतः मोजूं लागलें कीं श्वास बदलतो. तो आंकडा दिनदर्शिकेवर आजच्या तारखेच्या चौकोनांत लिहून ठेवा. उद्यांपासून एक वेळ ठरवून, न्याहारीपूर्वीं किंवा कचेरींतून परतल्यावर हातपाय धुऊन, रोज ३० श्वास घ्या. महिन्यानें पुन्हां मोजा, आणि त्या महिन्यांत आपण किती वेळां खेंकसलों तेंहि घरच्यांना विचारा. पहिला आंकडा फारसा उतरला नाहीं तरी चालेल. दुसरा उतरला कीं अभ्यास सफळ झाला असें खुशाल समजा.